डाव्या कुशीवरचा टीव्ही

आमच्या धाराशिव जिल्ह्यात समुद्र नाही. तरी मी अर्धं आयुष्य रोज सकाळी समुद्र सुरू केला.

तुळजापुरात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या शेठचं दुकान. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, पंखे, सगळं. शटर वर गेलं, उदबत्ती लावली, की मी मागच्या भिंतीवरचं मोठं बटण दाबायची आणि भिंतभर टांगलेले टीव्ही एकामागून एक जागे व्हायचे. प्रत्येकात कंपनीनं भरून दिलेलं तेच चित्र. निळा समुद्र, त्यातले रंगीत मासे, मग उमलणारी फुलं, मग बर्फाचे डोंगर, की परत समुद्र. आवाज बंद. मी काउंटरला टेकून चहा प्यायची आणि बघत राहायची. चहा कधी संपला ते कळायचं नाही. रिकामा कप तोंडाला लावून मी कुठल्या कुठं गेलेली असायची.

"ताई, डोळे उघडे ठेवून झोपताय काय?" शेठ गल्ल्यावरून विचारायचे.

"तुमच्याच दुकानात समुद्र बघून घेते शेठ. तुम्ही कुठं ट्रिप काढताय आमची?"

आता नोकरी सुटली, पण लोकांनी मला सोडलेलं नाही. परवा एका लग्नात वाढणारी बाई हातात जिलेबी धरून थांबली आणि म्हणाली, "ताई, बत्तीस इंची घेऊ का त्रेचाळीस?" अगं बाई, आधी जिलेबी तर वाढ! मग म्हटलं, दिवाळी अंकवाले मागे लागलेच आहेत, तर एकदा लिहूनच टाकावं. निदान पंगतीत तरी सुखानं जेवता येईल.

तर पहिली गोष्ट, समुद्र बघून टीव्ही घेऊ नका. समुद्र कुठल्याही टीव्हीत चांगलाच दिसतो. दुकानात रंग मुद्दाम भडक करून ठेवलेले असतात. तुम्ही म्हणा, बातम्या लावा. बातम्या सांगणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघा. त्याला कावीळ झाल्यासारखी वाटली तर पुढच्या टीव्हीकडं सरका. सणाच्या सेलमध्ये ज्याच्यावर सगळ्यात मोठी सूट असते तो बहुतेक वेळा गेल्या सालचा माल असतो. त्यात वाईट काही नाही, पण खोक्याच्या बाजूला बनवल्याचा महिना छापलेला असतो, तो वाचा आणि मग घासाघीस करा. मोबाइलवर ऑनलाइनचा भाव माझ्यासमोर काढला तरी मला कधी राग आला नाही. मी एवढंच विचारायची, हा बंद पडला तर तुमच्या गावात येणार कोण? आणि भिंतीवर दिवसभर चालू असलेला जो नमुन्याचा पीस असतो, तो सणाच्या शेवटी मागून बघा. तो दुकानात सगळ्यात स्वस्त पडतो. फक्त पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावायला सांगा. रेघ किंवा डाग असला तर तेव्हाच दिसतो, एरवी मासे पोहत असतात तोवर काही कळत नाही.

हे झालं कुठल्याही गावचं. तुळजापूरचं मात्र वेगळं आहे.

आमची देवी झोपते. नवरात्राच्या आधी काही दिवस मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. घटस्थापनेला ती उठते. दसऱ्याच्या पहाटे पालखीतून सीमोल्लंघन होतं आणि मग दमलेली देवी पुन्हा पलंगावर जाते, ती कोजागिरीपर्यंत. देवी झोपलेली असते तेव्हा गावाचाच आवाज कमी झाल्यासारखा वाटतो. रिक्षावाला हॉर्न वाजवतो तोसुद्धा जरा दबकत, असं मला तरी वाटायचं. आणि नवरात्र पाळणारी माणसं पलंगावर, गादीवर बसत नाहीत की झोपत नाहीत. पायात चप्पल नाही, बूड जमिनीवर.

आता गंमत बघा. सेल नेमका त्याच दिवसांत. नवा टीव्ही घरी जातो, आमचा फिटर सलीमभाई भिंतीला भोक पाडायला जातो, आणि घरातली सगळी माणसं खाली बसून सांगतात, "हितं लावा, डोळ्याबरोबर." सलीमभाई लावून येतात. कोजागिरी होते, दूध पिऊन माणसं परत पलंगावर, सोफ्यावर चढतात, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुकानात फोन सुरू. "ताई, टीव्ही खाली गेलाय!" टीव्ही कुठं जातोय? तुम्ही वर गेलाय! दरसाल हेच. पुढं पुढं सलीमभाई शहाणे झाले. ते पहिल्याच फेरीत भोकांच्या दोन जोड्या पाडून ठेवायचे, एक खाली आणि एक वर. वरच्या जोडीला ते 'कोजागिरीची भोकं' म्हणायचे.

दुसरी तक्रार खंडेनवमीनंतरची. त्या दिवशी हत्यारं पुजतात, आणि नवा टीव्हीही पूजेत बसतो. हळद, कुंकू, झेंडूचा हार. मग फोन, "रिमोट चालंना." टीव्हीच्या खालच्या पट्टीत मधोमध रिमोटचा डोळा असतो, बारीकसा ठिपका. बायकांना वाटतं कंपनीनं ही जागा टिकलीसाठीच सोडलीय. मी फोनवरच विचारायची, "डोळ्यात कुंकू गेलंय का बघा." पलीकडून हसू यायचं. पुसलं की टीव्ही चालू.

मला ज्यांच्याविषयी सांगायचंय ते गृहस्थ पाचव्या माळेला आले. दुपारची वेळ, दर्शनाची गर्दी रस्त्यावरून वाहत होती पण दुकानात तेवढ्यापुरती सामसूम. पांढरं धोतर, कपाळाला भस्माचे पट्टे, पायात काही नाही. आत आले आणि कुणाशी न बोलता एकेका टीव्हीसमोर उभे राहू लागले. पण सरळ नाही. डोकं डाव्या खांद्यावर पार आडवं टाकून. एका टीव्हीपुढं तसे उभे राहिले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

मला वाटलं मान धरली असेल. "अप्पा, मान अवघडलीय का? बसा, पाणी देते."

"न्हाय तंगी," ते तसेच वाकडे राहून म्हणाले. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "तिच्यावानी बगायलोय."

ती म्हणजे त्यांची बायको, नीलव्वा. अप्पा जळकोटचे. घरी कानडी, बाहेर मराठी. गेल्या उन्हाळ्यात नीलव्वाचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. पाठीवर निजवलं की ठसका लागतो, उजव्या कुशीवर दुखतं, म्हणून ती कायम डाव्या कुशीवर.

"घरात जुना डबा टीव्ही हाय," अप्पा सांगत होते. "लावला की डोळे मिटून घेती. पोरगा म्हणला, तिला नको झालंय, काढून ठेवा. मला पटंना. मग एक दिवस म्या तिच्या कॉटशेजारी भुईवर आडवा पडलो आन् बगितलं. तंगी, माणसं भिंतीवर पाय देऊन चालल्यावानी दिसत्यात! मलाच गरगरलं. मग तिला काय होत असंल?"

"मग कसा टीव्ही पाहिजे अप्पा?"

"उभा लावायचा. मंजी ती आडवी पडली की तिला सरळ दिसंल असा. दसऱ्याला देवी निघती ती केबलवर दाखवत्यात. नीलव्वा लग्न होऊन आली तवापासून एक दसरा चुकला न्हाय तिचा. जळकोटापासनं चालत यायची, नळदुर्गावरनं. यंदा तिला हलवू नका म्हणलेत. तिला येवढी देवी सरळ दिसली पायजे बगा. दुसरं काय नको मला."

शेठ गल्ल्यावरून ऐकत होते. त्यांना हसू आवरेना. "अप्पा, टीव्ही हाय तो, घोंगडं न्हवं, कसंबी टाकायला."

अप्पा रागावले नाहीत. शेठकडं बघून सावकाश म्हणाले, "शेठ, देवी पलंगावर निजती तवा आडवीच असती की. तिला बी आपुन सगळे भिंतीवर चालताना दिसत असू."

शेठचं हसणं तिथंच थांबलं. माझ्या मनात मात्र ते वाक्य आजतागायत चालूच आहे. जन्म तुळजापुराच्या आसपास गेला, माहेर तामलवाडीचं, सासर गावातलं, आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

सलीमभाईंनी भिंतीवरचा बत्तीस इंची नमुन्याचा पीस खाली काढला. मागची चार भोकं चौकोनात होती, म्हणजे फिरवून टांगता येत होता. पण फिरवायचा कुठल्या अंगाला? सलीमभाई म्हणाले टीव्हीचं डोकं उजवीकडं. शेठ म्हणाले डावीकडं. अप्पांनी मान वाकडी करून बघितली आणि तेही गोंधळले. एक गिऱ्हाईक मिक्सर घ्यायला आलं होतं, ते मिक्सर बाजूला ठेवून वादात पडलं. ज्याला त्याला आपलंच खरं. माझं डोकं उठलं.

"गप बसा सगळे," मी म्हटलं. फ्रिजचं एक मोकळं खोकं फाडून फरशीवर पसरलं, पदर खोचला आणि डाव्या कुशीवर आडवी झाले. भर दुकानात, भर नवरात्रात.

"ताई, लोक बघायलेत!" शेठ ओरडले.

"बघू द्या. सलीमभाई, धरा समोर."

सलीमभाईंनी टीव्ही एका अंगाला फिरवून धरला. "अब बोलो ताई, बराबर हाय?"

"उलटा. मासे पोट वर करून पोहायलेत. दुसरीकडं फिरवा."

त्यांनी फिरवला. आणि समुद्र सरळ झाला.

मला ते कसं सांगावं कळत नाही. खालून फरशीचा गारवा खोक्यातून लागत होता. रस्त्यावरची हलगी, संबळ, पोतराजाचे कोरडे, सगळं कुठंतरी लांब गेलं. भिंतीवरच्या बाकी सगळ्या टीव्हींत समुद्र भिंतीसारखा उभा होता आणि या एकातच तो पाण्यासारखा पसरला होता. इतकी वर्षं रोज बघितलेलं पाणी, पण त्या दिवशी ते माझ्या गालाच्या उंचीवर होतं. वाटलं, हात पुढं केला तर ओला होईल. नीलव्वाला मी पाहिलेलंही नव्हतं, पण तिच्या जागी मी पडले होते. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

"तंगी, उठ की," अप्पा शेजारी उकिडवे बसून हळूच म्हणाले. "दिसलं न्हवं सरळ?"

"दिसलं अप्पा."

शेठनं तोच पीस नमुन्याच्या भावात दिला, वर जुना डबाही बदल्यात धरला. मग बोट रोखून म्हणाले, "कंपनीचा माणूस आला आणि असा टांगलेला बघितला, तर मी तुम्हाला वळखत न्हाय." बिल करताना मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं त्यावर पेढा ठेवला. शेठ तसे मनाचे वाईट नव्हते. हसायची घाई होती त्यांना.

सातव्या माळेला सलीमभाई जळकोटला गेले. मी बजावून पाठवलं होतं, नीलव्वामावशी नवरात्रात खाली निजलेली असेल, टीव्ही तिच्या डोळ्यासमोर लावा आणि कॉटच्या उंचीला कोजागिरीची भोकं पाडून या. परत आले तेव्हा मी पाण्याचा ग्लास देईपर्यंतसुद्धा थांबले नाही.

"बघितलं का मावशीनं?"

"चालू केल्या केल्या समिंदर आला ताई. डोळे उघडे होते त्यांचे. मगर बघत होत्या का न्हाय, अल्ला जाने."

एवढ्यावर मला दसऱ्यापर्यंत थांबायचं होतं. दुकानात गर्दीनं कळस गाठला होता, एक्स्चेंजमध्ये आलेले जुने टीव्ही जिन्यापर्यंत रचले होते. मी बिलं करत होते, भाव सांगत होते, आणि मधेच डोकं डाव्या खांद्याकडं झुकायचं. शेठ म्हणायचे, "ताईला बी मान लागली."

दसऱ्याच्या पहाटे मी घराच्या गच्चीवर होते. खाली गल्ल्यागल्ल्यांतून माणूस. देऊळ दिसत नाही आमच्या गच्चीवरून, पण आवाज सगळा येतो. अजून देवी निघाली नव्हती. उजाडायच्या आधीचं ते धुरकट आभाळ, ओल्या झेंडूचा वास, सगळं गाव श्वास धरून थांबलेलं. आणि माझा फोन वाजला.

"तंगी, बंद पडला गं!" अप्पा ओरडत होते.

"लाइट गेली का?"

"लाइट हाय. टीव्हीचा तांबडा दिवा हाय. रिमोट दाबून दाबून बोट दुखायलं. शेल नवे घातले. आता निघंल की देवी! शेजारपाजार सगळा गोळा झालाय, आन् ती डोळे उघडून बगायली त्या काळ्या काचकडं..."

मग एकदम आठवलं. "अप्पा, काल टीव्हीची पूजा केली का?"

"केली की. खंडेनवमी न्हवं का. हार घातला, कुंकू लावलं."

"कुंकू कुठं लावलं?"

"खालच्या पट्टीवर. मंजी ती पट्टी आता उजव्या अंगाला आलीया. तिथं मधोमध बारकी जागा हाय, टिकलीयेवढी."

"अप्पा, तोच रिमोटचा डोळा! पुसा ते कुंकू. आत्ताच्या आत्ता पुसा."

पलीकडं शेजारपाजारचा कालवा. मला वाटलं अप्पांना ऐकूच गेलं नाही.

"अप्पा?"

"दसऱ्याच्या दिवशी कुंकू पुसू म्हणतीस?" ते इतक्या हळू बोलले की मला गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन कान द्यावा लागला. "ती बगायली माझ्याकडं. तिच्या देखत? न्हाय तंगी. जमायचं न्हाय मला."

माझीच जीभ चावली मी. काय बोलून गेले! गावात एवढे फोन घेतले, पुसा म्हणाले, बायका हसून पुसत होत्या. पण या घरात तो शब्द कसा लागेल याचा विचारच केला नव्हता. खाली गर्दीत हालचाल सुरू झाली. संबळाचा ठेका बदलला. आता निघणार, हे तुळजापूरच्या माणसाला आवाजावरूनच कळतं.

"अप्पा, ऐका," मी म्हटलं. "पुसू नका. बोट ओलं करा. ते कुंकू टीव्हीवरनं बोटावर घ्या, सगळं घ्या, कणभर ठेवू नका. आणि मावशीच्या कपाळाला लावा."

मग फोन कुठंतरी टेकवल्याचा आवाज. बायकांची कुजबुज. बांगड्या. अप्पा कानडीत काहीतरी म्हणाले, ते मला कळलं नाही, पण कुणाशी बोलत होते ते कळलं.

इकडं गावात एकदम आरोळी उठली, "आई राजा उदो उदो!" मी फोन कानाला दाबून धरला. पलीकडं अजून काही नाही. काहीच नाही. आणि मग, इथला आवाज विरत आला असताना, तीच आरोळी जळकोटातून माझ्या कानात आली. टीव्हीवर सगळं जरा उशिरा पोचतं ना. तीच आरोळी, तोच संबळ, बारीक होऊन. त्यामागून त्या खोलीतल्या बायका, "उदो उदो!" मग त्याही थांबल्या.

आणि सगळे थांबल्यावर एक आवाज आला. जड, घोगरा, अर्ध्या तोंडातून.

"उदो."



"तंगी," बऱ्याच वेळानं अप्पा फोनवर आले. "ऐकलीस न्हवं?"

"ऐकलं अप्पा."

फोन चालू ठेवून आम्ही नुसती देवी ऐकत राहिलो. आधी माझ्या बाजूची, मग त्यांच्या.

मग देवी झोपली. गाव झोपलं, दुकानही पेंगायला लागलं. उरलेल्या सेलचे बोर्ड वाऱ्यावर हलायचे आणि मी भिंतीकडं बघत बसायची. अप्पांचा टीव्ही काढलेल्या जागी खिळा तसाच होता. तेवढ्या चौकोनात समुद्र नव्हता.

कोजागिरी झाली आणि नेहमीसारखे फोन सुरू झाले. सलीमभाई पिशवीत पाने-पकडी घेऊन रोज कुठं ना कुठं टीव्ही वर चढवायला जात होते. त्या गडबडीत एक दिवस अप्पा आले. देवीला आले होते, जाता जाता दुकानात डोकावले. डोकं आता सरळ होतं.

"मावशी कशा आहेत?"

"येकच शबुद आलाय," अप्पा हसत म्हणाले. "पर त्यात सगळं भागवती. च्या पायजे, उदो. पोरगा उशिरा आला, उदो. म्या घोरलो, तरी उदो!"

"आणि टीव्ही बघतात?"

"बगती की. दुपारच्याला समिंदर लावून मागती. हात करती. सलीमभाईनं ते दुकानातलं चित्र काढलं न्हाय ते बरं केलं. समदं गल्लीतलं येतं आन् मान वाकडी करून बसतं आमच्यात."

मी सलीमभाईंना हाक मारली. म्हटलं, उद्या जळकोटची फेरी लावा, अप्पांचा टीव्ही वरच्या भोकांवर चढवून या, मावशी आता कॉटवर गेल्या असतील.

"नको नको," अप्पा घाईनं म्हणाले. "राहू दे खालीच."

"का? कोजागिरी झाली की अप्पा. देवीसुद्धा सिंहासनावर बसली."

अप्पा भिंतीवरच्या समुद्राकडं बघत राहिले. उत्तर द्यायला त्यांना जरा लाजल्यासारखं झालं असावं.

"म्या बी तिच्या बाजूला पडूनच बगतो आता," ते म्हणाले. "कॉटवर दोघं मावत न्हाईत, तंगी."